शाहिरांचे पुतळे आणि कलापथकाचा संसार

१९६९ चा पावसाळा मराठी शाहिरीला फार महाग पडला. १८ जुलै रोजी अण्णा भाऊ साठे यांचे मुंबईत गोरेगाव येथे हलाखीच्या स्थितीत निधन झाले. तेव्हा त्यांच्या वयाला पन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, शाहीर अमर शेख मोटार अपघातात मृत्युमुखी पडले. त्यांचेही वय बावन्नच होते. एकाच मंचावरून, एकाच डफाच्या तालावर गायिलेले हे दोन आवाज अशा रीतीने एकाच ऋतूत कायमचे थांबले.

पुढील काळाने अण्णा भाऊंचा गौरव करण्यात हात आखडता घेतला नाही. २००२ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले आणि २०२२ च्या सप्टेंबरात थेट मॉस्को शहरात त्यांचा पुतळा उभा राहिला. जयंतीच्या मिरवणुका तर गावोगाव निघतात. हा सन्मान उचितच आहे. परंतु ज्या संचाने या शाहिरांना हजारो श्रोत्यांसमोर उभे केले आणि ज्या संचामुळे त्यांची रचना कागदावरून कंठात गेली, त्या ‘लाल बावटा कलापथका’ची आठवण चरित्रग्रंथांतील काही पानांपुरतीच उरली आहे. व्यक्ती स्मरणात राहावी आणि संस्था विस्मरणात जावी, असे का घडते? हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांवर सोपवून भागण्यासारखा नाही. त्याचे बरेचसे उत्तर अर्थव्यवहारात दडलेले आहे.

तीन शाहिरांचा मेळ

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ या अखिल भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली होती. दुसरे महायुद्ध चालू होते, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती आणि कम्युनिस्ट पक्षाला आपला विचार निरक्षर कामगारापर्यंत पोहोचविण्यासाठी पत्रकापेक्षा अधिक बोलके साधन हवे होते. ते साधन डफ-तुणतुण्याच्या रूपाने महाराष्ट्रात आधीपासूनच सिद्ध होते.

या शाहिरांची घडण पाहण्याजोगी आहे. सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. लहानपणी वडिलांसह पायी मुंबई गाठून त्यांनी हमाली केली, पडेल ते काम केले आणि गिरणीतही राबले. अक्षरओळख त्यांना शहराने आणि चळवळीने करून दिली. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच अमर शेख, हेही मोटारीवरील क्लीनर आणि गिरणी कामगार म्हणून जगलेले. आईच्या तोंडच्या जात्यावरील गाण्यांचा वारसा त्यांना लाभला होता, आणि बार्शीच्या संपात त्यांनी तुरुंगही पाहिला होता. एकाची लेखणी, दुसऱ्याचा पहाडी आवाज आणि गव्हाणकरांची शाहिरी यांचा मेळ जमला आणि गिरणगावातील मैदाने व चाळींची अंगणे त्यांचे रंगमंदिर बनली.

कलापथकाने जुन्या तमाशाचा साचा उचलला, पण त्यातील आशय बदलला. आरंभीच्या गणात देवतेऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन येऊ लागले, गौळण गळाली, वगात राजाराणीच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी आणि संपावरचा कामगार अवतरला. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही नावेच त्यांचा रोख सांगतात. तमाशावर सरकारी निर्बंध आले तेव्हा हेच वग ‘लोकनाट्य’ या नावाने पुढे गेले, आणि पुढे तो शब्द मराठीत कायमचा रुजला. स्टालिनग्राडच्या लढ्याचा पोवाडा लालबागच्या मजुराला समजावा, ही किमया या तीन-चार वर्षांत घडली.

या साऱ्याचा खर्च किती होता? पडदा, नेपथ्य, पोशाख यांची गरज जवळजवळ नव्हती. जागा मैदानाची, प्रकाश मिळेल तो, जेवण कार्यकर्त्याच्या घरी आणि प्रसिद्धी युनियनच्या फलकावर. रोकड थोडी लागे, कारण बाकी सर्व गोष्टी श्रोत्यांची संघटना पुरवीत असे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर कलापथकाचे भांडवल त्याच्या पेटीत नव्हते, ते श्रोत्यांच्या संघटनेत गुंतलेले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील इतिहासाचा उलगडा होतो.

बंदी, फूट आणि चळवळ

स्वातंत्र्यानंतर लवकरच कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. संघटना भूमिगत झाल्याबरोबर कलापथकाचे मैदान, भोजन आणि श्रोते एकदमच हिरावले गेले. अण्णा भाऊ उत्तरोत्तर कथा-कादंबरीकडे वळले. तीसहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांतील ‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अमर शेख स्वतंत्र कलापथक घेऊन हिंडत राहिले. मूळ संच संपल्यातच जमा होता.

त्याला पुन्हा प्राण मिळाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, आणि पुढच्या जानेवारीत तर रस्त्यारस्त्यांवर माणसे पडली. शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या रक्ताने भारलेल्या त्या वातावरणात ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि तिच्या सभांना शाहिरांवाचून सुरुवात होईना. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात गाजली ती याच काळात. पोटासाठी मुंबईला आलेल्या मजुराचा गावी राहिलेल्या पत्नीविषयीचा विरह हा तिचा विषय. पण ऐकता ऐकता तो विरह महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचा होऊन जातो. खाजगी दुःख आणि सार्वजनिक मागणी यांची अशी सांधेजोड क्वचितच साधते.

१ मे १९६० रोजी राज्य झाले, समितीचे प्रयोजन सरले आणि कलापथकाच्या पायाखालची दुसरी संघटनाही विरली. शाहीर होते, आवाज होता, गाणी होती. ती ऐकण्यासाठी स्वतःहून एकत्र येणारा समाज मात्र राहिला नव्हता. पुढील नऊ वर्षांचा काळ हा दोघांच्याही वाट्याला व्यक्तिगत कीर्तीचा आणि कमीअधिक व्यक्तिगत ओढाताणीचा आला.

नागपूरच्या कानांनी

या इतिहासाची एक बाजू विदर्भाच्या वाचकाने नजरेआड करता कामा नये. मुंबईच्या मैदानावर ज्या गाण्याने अंगावर रोमांच उभे राहत, ते नागपुरात त्याच रीतीने ऐकले जाणे शक्य नव्हते. १९५३ च्या नागपूर कराराने काही आश्वासने दिली असली तरी १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले होते. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखी माणसे त्या बाजूने उभी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. ताटातुटीचे गाणे एका शहराला आपल्या मागणीचे वाटावे आणि दुसऱ्याला त्यात आपल्याच तोट्याची आठवण यावी, हे स्वाभाविक होते.

याचा अर्थ गाणे खोटे होते असा नव्हे. समूहाचे गाणे समूहाच्या प्रश्नाला चिकटलेले असते, आणि प्रश्न बदलला की उत्तमातले उत्तम गाणेही परके वाटू लागते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अमेरिकेतील समांतर कहाणी

हे दुर्दैव केवळ मराठी शाहिराच्याच कपाळी होते असे मानण्याचे कारण नाही. जवळपास त्याच वर्षांत अमेरिकेत अशीच एक कहाणी घडली. पीट सीगर, ली हेज, वुडी गथ्री आदी मंडळींनी १९४१ च्या सुमारास ‘अल्मनॅक सिंगर्स’ हा संच उभारून कामगार संघटनांसाठी गाणी गायिली. त्यातूनच १९४८ मध्ये सीगर, हेज, रॉनी गिल्बर्ट आणि फ्रेड हेलरमन या चौघांचा ‘वीव्हर्स’ हा संच निघाला. ‘वीव्हर्स’ म्हणजे विणकर. गिरणगावच्या शाहिरांना हे नाव परके वाटले नसते. लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाचे एक गाणे त्यांनी १९५० मध्ये तबकडीवर आणले आणि तेरा आठवडे ते लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी राहिले. त्यानंतर कम्युनिस्ट असल्याचा ठपका आला, कार्यक्रम रद्द होऊ लागले, रेडिओची दारे बंद झाली आणि १९५२ मध्ये संच मोडला.

येथवर दोन्ही कहाण्या सारख्याच आहेत. फरक पुढे पडतो. १९५५ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वीव्हर्स पुन्हा एकत्र आले. सभागृह तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांनी भरले आणि त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण घरोघरी गेले. सीगर व हेज यांचेच एक गाणे १९६२ मध्ये ‘पीटर, पॉल अँड मेरी’ या त्रयीने लोकप्रिय केले. सीगर यांनी बायबलमधील वचनांना चाल लावून केलेले गाणे १९६५ मध्ये ‘बर्ड्‌स’ या संचाने विजेच्या गिटारवर गाऊन अग्रस्थानी नेले. ज्याला पुढे ‘फोक रॉक’ म्हटले गेले, त्या प्रवाहाचे एक मूळ अशा रीतीने कामगारांच्या सभेत सापडते.

सरकारी रोष दोहोंकडे होता. पण अमेरिकन संचाच्या पाठीशी पक्षाखेरीज बाजारही उभा होता. तबकडी विकली जात होती, रचनेचा मोबदला रचनाकाराला कायद्याने मिळत होता आणि तिकीटबारी उघडी होती. आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार कायदा झाला. परंतु गाणाऱ्या-वाजविणाऱ्या कलावंताला स्वतःचा असा हक्क देणारी तरतूद त्यात आली ती १९९४ च्या दुरुस्तीने, आणि गीतकार-संगीतकारांच्या मोबदल्याचे संरक्षण भक्कम झाले ते २०१२ मध्ये. शाहिराचा झीलकरी किंवा ढोलकीवाला यांच्या वाट्याला या साऱ्यातून काय येणार होते, हे वेगळे सांगावयास नको. ज्याचे नाव रचनेवर आहे तो निदान स्मरणात राहिला. ज्यांचा आवाज रचनेत मिसळला ते विसरले गेले.

गाण्याचा खर्च

कलापथके का मोडतात याचे आणखी एक कारण विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. गिरणीत नवे यंत्र आले की तोच कामगार पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कापड विणतो. त्यामुळे त्याचे वेतन वाढविणे मालकाला परवडू शकते. पोवाड्याचे तसे नाही. १९४४ साली एक पोवाडा सादर करण्यास चार माणसे आणि अर्धा तास लागत असेल, तर आजही चार माणसे आणि अर्धा तासच लागतो. गाण्याची ‘उत्पादकता’ वाढत नाही, परंतु गाणाऱ्याच्या घरातील धान्य, भाडे आणि शिक्षण यांचे भाव मात्र यंत्राच्या जगाप्रमाणे वाढत जातात. म्हणून जिवंत गाणे दर वर्षी तुलनेने अधिक महाग होत जाते आणि मुद्रित गाणे अधिक स्वस्त. आपण होऊन ही दरी भरून निघत नाही. कोणीतरी ती जाणीवपूर्वक भरावी लागते.

ती भरणारा एक घटक मुंबईत होता. तो म्हणजे संघटित गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्या संपानंतर गिरणगाव पूर्वीसारखे उरले नाही. नागपुरात १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचीही अखेर अशीच झाली. सरकारी महामंडळाच्या हाती जाऊनही ती वाचली नाही. गिरण्यांबरोबर चाळी गेल्या, चाळींबरोबर अंगणे गेली, आणि अंगणांबरोबर संध्याकाळी डफ ऐकायला बसणारा माणूसही गेला.

खंजिरीचा धडा

मग समूहाचे गाणे टिकते तरी कोठे? त्याचे उत्तर विदर्भाला दूर शोधावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले; म्हणजे खंजिरीच्या भजनाचे सामर्थ्य इंग्रज सरकारने चांगलेच ओळखले होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, अण्णा भाऊ आणि अमर शेख यांच्या आधी एक वर्षही पूर्ण झाले नसताना, महाराजांचे निर्वाण झाले. परंतु खंजिरी थांबली नाही. विदर्भातील कितीतरी गावांत सामुदायिक प्रार्थना होते, भजनी मंडळ बसते आणि थोरल्याकडून धाकट्याकडे चाल जाते.

येथे प्रतिभेची तुलना करावयाची नाही. मुद्दा व्यवस्थेचा आहे. कलापथकाचा आधार पक्ष आणि चळवळ हा होता. चळवळ संपताच तो गेला. वीव्हर्सचा आधार बाजार होता. त्याने रचना वाचविली, पण संच वाचविला असे म्हणता येत नाही, कारण पुनर्मीलनानंतर काही वर्षांतच तोही विसर्जित झाला. खंजिरी मंडळाचा आधार ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा हा आहे. त्याचे सदस्य दिवसा शेतात किंवा नोकरीवर असतात, रात्री गातात. श्रोता आणि गायक यांच्यात फारसे अंतरच राहत नाही. त्यामुळे खर्च वाटला जातो आणि कोणा एकाच्या मृत्यूने मंडळ मोडत नाही. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. कामाचे तास, वेतन, अपघात यांविषयी बोलणारे गाणे या मंडळांतून सहसा निघत नाही. ते काम कलापथकाचे होते.

हिंगण्याचा प्रश्न

हा विचार केवळ गतकाळाच्या हळहळीसाठी नाही. नागपूरला लागून असलेल्या हिंगण्याचे उदाहरण घ्यावे. एकीकडे वेणा नदीकाठचे जुने गाव आणि भोवतालची शेती, दुसरीकडे औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत. २०२० पासून सीताबर्डीहून लोकमान्यनगरपर्यंत मेट्रोही धावते. पाळी सुटली की हजारो माणसे रस्त्यावर येतात आणि दुचाकीवर, सामायिक रिक्षात, मेट्रोत पांगून जातात. त्यांतील पुष्कळजण कंत्राटी आहेत. कारखाना एक, पण कंत्राटदार वेगळे, राहण्याची गावे वेगळी, बोलीही वेगळ्या; छत्तीसगड, मध्यप्रदेश, बिहारमधून आलेल्या मजुराचीही एक ‘मैना’ गावावर राहिलेली आहे. १९४४ च्या मुंबईपेक्षा या माणसांची संख्या वा दुःखे कमी आहेत म्हणून येथे गाणे नाही असे नव्हे. त्यांना एकत्र बसण्याची जागा आणि वेळ नाही, म्हणून गाणे नाही.

तरुणांमध्ये समूहगायनाची ओढ आटली आहे असेही दिसत नाही. मुंबईतील ‘अभंग रिपोस्ट’सारखा संच संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने गातो आणि विद्यार्थी ते आवडीने ऐकतात. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून असे संच निघतात, पदवी हाती पडताच विखुरतात. म्हणजे पुन्हा तोच व्यवहार: कला आहे, उत्साह आहे, तो धरून ठेवणारी चौकट नाही.

अशी चौकट सर्वस्वी नव्याने निर्माण करावी लागेल असे नाही. १९५३ च्या कायद्यान्वये कामगार कल्याण निधी अस्तित्वात आला असून जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांत कामगाराच्या वेतनातून आणि मालकाकडून त्यासाठी वर्गणी घेतली जाते. त्या मंडळाची केंद्रे आहेत, नाट्य आणि भजन स्पर्धाही होतात. पण स्पर्धा म्हणजे वर्षातील एक दिवस. पारितोषिक मिळाले की संच मोडतो. शिवाय कंत्राटदाराच्या हजेरीपटावर सतत बदलत राहणाऱ्या मजुराने अशा केंद्राचा नित्याचा सभासद होणे सोपे नाही. राज्य शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, तीही स्वागतार्ह आहे. परंतु ती व्यक्तीला मिळते आणि उतारवयात मिळते. ज्या वयात गाता येते त्या वयात, आणि जो संच गातो त्या संचाला, वर्षभराच्या तालमीसाठी एखादी खोली, वाद्ये आणि प्रवासखर्च मिळेल अशी तरतूद मात्र शोधूनच काढावी लागते.

कामगार केंद्राची एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा संचासाठी ठेवणे, मजुराला कंत्राटदार कोणताही असला तरी तेथे येण्याचा हक्क देणे, जवळच्या महाविद्यालयातील गाणाऱ्या मुलांना त्यांच्याशी जोडणे आणि गावातील भजनी मंडळांकडून ठरलेल्या वाराची शिस्त शिकणे, यास लागणारा खर्च एका पुतळ्याच्या चौथऱ्याहून अधिक खचितच नसेल. त्यातून दुसरे अण्णा भाऊ निपजतील अशी हमी कोणीही देऊ शकणार नाही. प्रतिभा योजनेत बसत नाही. मात्र वाटेगावहून पायी आलेल्या एका मुलाला जे ऐकणारे, शिकविणारे आणि सोबत गाणारे मुंबईने पुरविले, तेवढे तरी हिंगण्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मुलाला मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. १ ऑगस्टला पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्या दिवशी एवढा हिशेब तपासून पाहिला, तरी कलापथकाच्या विस्मृतीचे थोडेसे परिमार्जन होईल.